नादपट्टा

पट्टा बांधण्यापूर्वी केतकी त्याच्या आतली मऊ गादी थोडा वेळ तळहातांत धरून ठेवायची. गार गादी पोटाला लागली की अंगावर शहारा येतो, आणि तो शहारा घाट ओलांडून कोल्हापूरला बाळापर्यंत पोचतो, असं कोशालयातल्या लोकांनी सांगितलं होतं. बाळ तिथे होतं. केतकी रत्नागिरीत.

"माजं बाल," जुई पट्ट्यावर हात आपटून म्हणायची.

"आपलं बाळ. आणि मारायचं नाही, त्याला ऐकू जातं."

जुई अडीच वर्षांची होती. तिच्या जन्माच्या वेळी वार गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर रुतली होती. रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी गर्भाशय काढून केतकीला वाचवलं होतं. आठ-दहा वर्षांपूर्वी अशा बाईला दुसरं मूल म्हणजे दत्तक किंवा उसनी कूस, एवढेच मार्ग असायचे. आता कोश होता.

कोश म्हणजे पखालीसारखी एक पारदर्शक पिशवी. तिच्यात कोमट गर्भजल, आणि वारेचं काम करणारं एक यंत्र, जे बाळाच्या रक्तात प्राणवायू आणि अन्न सोडतं आणि त्यातला मळ काढून घेतं. वरून दुधी काचेचं झाकण, कारण मुलगा की मुलगी हे आधी सांगायला कायद्याने अजूनही बंदी होती. पालकांना दिसायची ती काचेमागची एक सावली आणि पडद्यावर सरकणारी हृदयाची रेघ.

सुरुवातीच्या काळात कोशात वाढलेली मुलं वजनाने, फुप्फुसांनी, सगळ्या चाचण्यांत उत्तम निघाली. एकच गोष्ट राहून गेली होती: ती कुणाच्याही कुशीत शांत होत नव्हती. पोटातलं मूल सहाव्या महिन्यापासून ऐकू लागतं. आईच्या हृदयाचे ठोके, आतड्यांची गुरगुर, तिच्या हाडांतून आणि पाण्यातून घुमत येणारा आवाज. जन्मल्यावर ते आईला ओळखतं ते चेहऱ्याने नाही, या आवाजाने. ही मुलं शांततेत वाढली होती. त्यांच्या ओळखीचं बाहेर कुणीच नव्हतं.

म्हणून नादपट्टा आला. आईने तो पोटावर बांधायचा. तिचे ठोके, तिचं चालणं, तिचं बोलणं तो टिपतो आणि त्याच क्षणी कोशातल्या एका पातळ पडद्यातून पाण्यात सोडतो. बाहेरचे आवाज त्याला ऐकू येत नाहीत. ज्या अंगावर तो बांधलाय, त्या अंगातलंच काय ते जातं.

केतकीची अडचण अशी होती, की ती बोलायची नाही.

तसं तिचं कामच मुकं होतं. समुद्रात ठिकठिकाणी तरंगणारी यंत्रं पाण्याचे आकडे पाठवायची आणि केतकी ते घरी बसून तपासायची. कुठला आकडा खरा, कुठला यंत्राला शेवाळ धरल्यामुळे आलेला, हे तिला बघताक्षणी कळायचं. प्रसूतीची रजा मिळाली नव्हती. "मूल हातात आलं की अर्ज करा, मॅडम. सध्या तुम्ही तशा… म्हणजे तांत्रिकदृष्ट्या गरोदर नाही ना," असं कचेरीतून उत्तर आलं होतं. नवरा सुयोग खोल समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीला. महिना तिकडे, पंधरवडा घरी, आणि हवा बिघडली की तो पंधरवडाही तिकडेच. जिन्यात भेटणाऱ्या बायका तिच्या सपाट पोटाकडे बघायच्या आणि मग जुईकडे. "बरंय बाई, उलट्या नाहीत, काही नाही. आमच्या वेळी असतं असं, तर चार झाली असती!" एक जण म्हणाली होती. केतकी हसली होती. उलट्या झाल्या असत्या तर कुणीतरी लिंबाची फोड आणून दिली असती, हे तिच्या मनात आलं, पण बोलायचं कुणापाशी?

सकाळी पट्टा बांधून ती कामाला बसे. समोरच्या फोनवर कोल्हापूरची रेघ सरकत असे. मधेच ती घसा साफ करून म्हणे, "बाळा, आज… पाण्याचं तापमान थोडं वाढलंय." मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं होई आणि ती गप्प बसे. संध्याकाळी पट्ट्याचा निरोप येई, लाल अक्षरांत: "आज आपण बाळाशी फार कमी बोललात."

जुईचा पट्ट्यावर राग होता. तो यायच्या आधी ती रोज दुपारी केतकीच्या पोटावर पालथी पडून झोपायची, बेडकासारखी. आता पट्टा दाबला जाऊ नये म्हणून पोटावर झोपणं बंद, कडेवर घेणंही बंद. जुई त्याची टोकं ओढायची, चावायची, जमिनीवर लोळण घ्यायची. एका दुपारी तिने रडून रडून उलटी केली. केतकीने तिचं तोंड पुसलं, फ्रॉक बदलला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून पट्टा काढून दोन वेढे घालून जुईच्या पोटाला बांधला.

जुईचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिने मान खाली घालून पोटाकडे पाहिलं.

"बाला," ती म्हणाली, "मी आये ना. ललू नको."

आणि मग ती बोलतच सुटली. कावळा आला, कावळ्याने पाव नेला, आईने डाळ सांडली, बाबा समुद्रात, मासा मोठा, तू छोटा. केतकीने कुकर लावला, भाजी चिरली, कितीतरी दिवसांनी गरम चहा बसून प्यायली. संध्याकाळी निरोप हिरव्या अक्षरांत आला: "छान! आज आपण बाळाशी भरपूर बोललात." खाली आणखी एक ओळ होती: "आपली नाडी जलद आहे. थोडी विश्रांती घ्या." अडीच वर्षांच्या मुलीचं हृदय जलदच चालतं. केतकी स्वयंपाकघरात एकटीच हसली, आणि हसताना तिला जाणवलं, की इतक्या महिन्यांत विश्रांती घे असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.

पट्टा कुणाच्या अंगावर आहे हे ओळखायची सोय त्यात नव्हती. आई तो दुसऱ्या कुणाला देईल असं बनवणाऱ्यांच्या मनात आलं नसावं. केतकीने आपल्या मनाशी हिशेब केला: आवाज म्हणजे कंपनं. बाळाला कंपनं हवीत. आपल्याकडे ती नाहीत, जुईकडे आहेत. सकाळी ती पट्टा बांधायची, गप्प. दुपारपासून झोपेपर्यंत जुई.

सातव्या महिन्यात सासूबाई देवरुखहून आल्या. तिथे त्या शिवणाचा वर्ग चालवायच्या, त्यामुळे हिरवा खण त्यांनी स्वतः बेतून आणला होता. नारळ, तांदूळ, पाच फळं. इमारतीतल्या चारपाच बायका जमल्या. केतकी हिरवी साडी नेसून पाटावर बसली, आणि सासूबाई नारळ हातात धरून थबकल्या.

"काय झालं, आई?"

"अगं, ओटी भरायची ती गर्भाची ना? पोटात नाही ते नाही, निदान पट्टा तरी. कुठे आहे तुझा तो पट्टा?"

पट्टा जुईच्या पोटावर होता. केतकीने काढायला हात लावताच तिने किंकाळी फोडली.

"राहू दे गं!" शेजारीण म्हणाली. "आज हीच दोन जिवांची."

"मग बसव तिलाच पाटावर," दुसरी म्हणाली. "काय हो जुईताई, डोहाळे कसले लागलेत?"

"बिश्किट!" जुई म्हणाली, आणि सगळ्या खोखो हसल्या.

सासूबाईही हसल्या. "पट्टा जिच्या पोटावर, तिची ओटी," असं म्हणून त्यांनी जुईला पाटावर उभं केलं, तिच्या फ्रॉकच्या घोळात मूठभर तांदूळ आणि एक चिकू टाकला. उरलेली ओटी मग केतकीची भरली, रीतीप्रमाणे. पण हसू तोपर्यंत होऊन गेलं होतं, बायका पेढ्यांकडे वळल्या होत्या. केतकी पदरातला नारळ सावरत आत गेली आणि ओटीतले तांदूळ डब्यात ओतू लागली. बाहेर जुई बाळाला सांगत होती, "चिकू माजा. तुला देनाल."

आठवा लागला तेव्हा ओळख-चाचणीसाठी बोलावणं आलं. आंबा घाटात बसमध्ये जुईला दोनदा उलटी झाली. कोशालयात नादविभाग सांभाळणारी यास्मिन मुजावर हिनेच तिचं तोंड धुऊन दिलं.

"बसा की ताई निवांत. काही अवघड नाही," ती म्हणाली. "तुम्ही या माइकात बोलायचं. बाळाला ओळखीचा आवाज आला की ते ऐकायला थांबतंय. हृदय जरा हळू होतं, रेघ खाली येते. अनोळखी आवाजाला हलत नाही. बोला, काय वाटेल ते."

केतकीने वाक्य ठरवून आणलं होतं. "बाळा, मी आई. आम्ही सगळे तुझी वाट बघतोय."

रेघ सरळ गेली.

"जरा मोठ्यानं बोला, ताई."

"बाळा, मी आई बोलतेय."

रेघ सरळ. यास्मिनने एक बटण दाबून पाहिलं, दुसरं दाबून पाहिलं. केतकीच्या मांडीवर जुई कंटाळली होती. ती माइकाकडे वाकली. "बाला, ऐक ना. मी ओकले."

रेघ खाली आली. हळूच नाही, पायरी उतरावी तशी. दुधी काचेमागची सावली वळली.

यास्मिनने जुईकडे पाहिलं, मग केतकीकडे. "ताई," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पट्टा कोण घालतंय घरात?"

केतकीने सांगितलं. काहीही न वगळता, यंत्रातला बिघाड सांगावा तसं. यास्मिनने आधीच्या नोंदी उघडल्या. रोज सकाळी संथ ठोके, आवाज नाही. दुपारनंतर जलद ठोके आणि आवाजच आवाज.

"मी इतके दिवस म्हणत होते, या बाई दुपारी काय धावतात काय!" यास्मिन म्हणाली आणि लगेच गंभीर झाली. "बाळाला काय वाटत असेल सांगू? आपल्याला दोन आया आहेत. एक हळू चालणारी, ती बोलत नाही. दुसरी घाईची, ती बोलते."

केतकी सावलीकडे बघत राहिली. "आता?"

"डॉक्टरांना विचारते, पण ते हेच सांगतील. दोन महिने इथं कोशाजवळ येऊन राहा, म्हणजे रेघेवर आमचं लक्ष राहील. पट्टा चोवीस तास तुमच्याच अंगावर, आणि बोलत राहायचं. शिकेल बाळ. पण मुलीला आणायचं नाही, ताई. कोशाशेजारी तिचा आवाज काचेतून आत जाणार आणि ते तिकडंच वळणार."

त्या रात्री बऱ्याच प्रयत्नांनी सुयोगचा फोन लागला. त्याच्यामागे वारा इतका होता, की केतकीला सगळं दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे जुईला देवरुखला आईकडे ठेवायचं? दोन महिने?"

"हो. नाहीतर बाळ मला ओळखणार नाही."

"कधीच?"

"सुरुवातीला. किती दिवस ते माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

मग सुयोग म्हणाला, "तू ठरव. तुला यातलं जास्त कळतं."

हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं होतं. केतकीने फोन ठेवला आणि सासूबाईंना लावला.

रविवारी तिने जुईचे कपडे, तिची वाटी आणि कान तुटलेला हत्ती एका पिशवीत भरला आणि दोघी देवरुखला गेल्या. सासूबाईंनी शिवणाच्या खोलीतली दोन यंत्रं भिंतीला सरकवून जुईसाठी गादी घातली होती.

"तू काळजी करू नको," त्या म्हणाल्या. "चार दिवस रडेल, मग विसरेल. मुलं विसरतात."

"हो," केतकी म्हणाली. "तेच."

पट्टा आता केतकीच्या पोटावर होता. निघताना जुई दाराशी आली. ती रडेल म्हणून केतकीने मन घट्ट केलं होतं, पण जुई रडली नाही. तिने दोन्ही हात पट्ट्यावर ठेवले, तोंड जवळ नेलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाला, मी लगेच येते हं. ललायचं नाही. खिलकीत बघत बस. मी येते."

केतकी पायऱ्या उतरली. स्टँडपर्यंत चालत गेली. कोल्हापूरची बस लागायची होती. ती बाकावर बसली, फोनवर रेघ उघडली, आणि ठरवल्याप्रमाणे बोलायला सुरुवात केली. "बाळा, आपण आता देवरुखच्या स्टँडवर आहोत."

रेघ टोक काढून वर उडाली. नुसतं अनोळखी असतं तर ती हलली नसती. बाळ दचकलं होतं. जे संथ ठोके इतके आठवडे नुसते चालत होते, त्यांच्यातून अचानक कुणीतरी बोललं होतं. केतकीने ओठ मिटले. रेघ हळूहळू खाली येऊन स्थिर झाली.

खिडकीत बघत बस. मी लगेच येते हं. रडायचं नाही.

हे जुईचं वाक्य नव्हतं. दूध आणायला, कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना जुईला दाराशी ठेवून केतकी हेच म्हणायची, याच सुरात, "हं" वर असाच किंचित थांबून. दिवसाकाठी ती जी काही दहावीस वाक्यं बोलत असे, त्यांतलं हे एक. जुईपाशी दुसरी वाक्यं कुठून येणार होती? कावळा आणि चिकू तिचे होते. बाकीचं सगळं तिने आईकडून उचललं होतं आणि घाईच्या ठोक्यांवर घालून रोज कोल्हापूरला पाठवलं होतं.

आणि ते पोचलं होतं. फक्त पाठवणारीचं नाव वेगळं होतं.

बस लागली. कंडक्टर ओरडला, "कोल्हापूर, कोल्हापूर! बाई, यायचंय का?"

केतकीने दाराच्या दांडीला हात लावला. दोन महिन्यांत बाळ तिला शिकेल. त्यासाठी त्याने बोलणारीला विसरायचं आणि जुईने न बोलणारीला. एका मुलाने ओळखावं म्हणून दुसऱ्याची ओळख पुसायची. आकडे बरोबर होते. आकड्यांत चूक काहीच नव्हती.

"बाई?"

"नाही," ती म्हणाली. रेघ पुन्हा उडाली असेल. तिने पाहिलं नाही.

सासूबाईंच्या घरी जुई खिडकीत उभी होती, कान तुटलेल्या हत्तीला गजांतून बाहेर धरून. केतकीला पाहून तिला काहीच नवल वाटलं नाही. "आली," तिने हत्तीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी यास्मिन फोनवर थोडी रागावली. शेवटी म्हणाली, "मग आता एक करा, ताई. आहे तसंच चालू द्या. सकाळी तुम्ही, दुपारी ती. आणि तुम्ही बोलू नका. कालचे झटके बघितले मी. शेवटचे आठवडे बाळाला शांत जाऊ द्या. बाहेर आल्यावर काय ते बोला."

म्हणून केतकी बोलली नाही. सकाळी गादी तळहातांत गरम करून पट्टा बांधायची आणि आकड्यांसमोर बसायची. फोन आला तर पट्टा सोडून बोलायची, मग पुन्हा बांधायची. गप्प बसणं तिला आयुष्यभर सोपं वाटत आलं होतं. आता रोज सकाळी तिला कितीतरी सांगावंसं वाटे. किनाऱ्याजवळचं पाणी निवळतंय, तुझ्या बाबांचा तीन दिवस पत्ता नाही, जुई आता "मी" म्हणताना छातीवर हात ठेवते. वाक्यं घशापर्यंत यायची आणि ती गिळायची. त्या गिळण्याचा बारीक आवाज तेवढा पट्ट्यातून जात असावा.

कोश उघडायच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. सुयोगला आणायला बोट जाऊ शकली नाही. आत पलंगावर केतकी होती, आणि यास्मिनने भांडून परवानगी मिळवल्यामुळे स्टुलावर जुई, तोंडाला मोठ्यांचा मास्क, तो डोळ्यांपर्यंत आलेला.

बाळ ओलं आणि लालबुंद होतं आणि खोलीभर रडत होतं. डॉक्टरांनी ते केतकीच्या उघड्या छातीवर ठेवलं. कान छातीला टेकताच रडणं अडखळलं. बाळ थांबलं. संथ ठोके त्याच्या ओळखीचे होते. त्याची मूठ उघडली आणि केतकीच्या गळ्याच्या हाडावर पसरली.

केतकीला वाटलं, आता. तिने ठरवलेलं वाक्य गोळा केलं. "बाळा, मी—"

बाळाचं सगळं अंग ताठ झालं. हात दोन्ही बाजूंना फेकले गेले, तोंड उघडलं, आणि ते असं ओरडलं जसं कुणी परक्याने उचललंय. केतकी गप्प झाली. थोड्या वेळाने तेही गप्प झालं.

यास्मिन दुसरीकडे बघू लागली.

स्टुलावरून जुईने मास्क ओढून हनुवटीखाली घेतला. "बाला," ती म्हणाली, "मी आये ना. ललायचं नाही."

बाळाने डोकं वळवलं. नुकतंच जन्मलेलं डोकं, धड पेलतही नव्हतं, तरी ते वळलं आणि आवाजाच्या दिशेला थांबून राहिलं. त्याचा कान आईच्या छातीवर होता आणि तोंड बहिणीकडे. केतकी हलली नाही. आपलं हृदय संथ राहावं एवढंच काम तिच्याकडे होतं, आणि ते ती करत राहिली.

जुईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आई, तू बोल ना."

केतकीने नकारार्थी मान हलवली.

"बोल ना!"

केतकीने ओठ जेमतेम उघडले. "मला येत नाही गं," ती श्वासाइतक्या आवाजात म्हणाली. बाळाच्या कपाळावर आठी पडली. रडलं मात्र नाही.

जुई स्टुलावरून उतरली, पलंगाला धरून टाचा उंच केल्या आणि आईच्या तोंडाजवळ तोंड आणलं. शिकवायची वेळ आली की केतकी तिच्याशी जशी बोलायची तसंच, अगदी सावकाश, तिने सांगितलं, "म्हन. बाला."

"बाला," केतकी म्हणाली.